सोळा जुलैचा रकाना

“पण महाराज, नेमका सोळा जुलैचाच रकाना कोरा का?”

डॉ. मृण्मयी केळुसकरने वही गोसाव्यांपुढे धरली. घाटमाथ्यावरच्या या मठाच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. दयालगिरी गोसावी तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत मांडत आले होते. एवढ्या वर्षांत हा एकच रकाना कोरा होता.

त्याच पहाटे कडा कोसळला आणि मठाखालचं उंबरकोंड गाव गाडलं गेलं.

गोसाव्यांनी कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं.

“नसेल आकडा, तरी माझं अडत नाही,” मृण्मयी म्हणाली. “संगणकानं त्या दिवशी साठ मिलीमीटरचा अंदाज दिला होता. उपग्रहानंही साठच सांगितला. अगदी तंतोतंत.”

जगभराच्या पावसाचे अंदाज असे ताडून बघणं हेच तिचं काम. त्या दिवसाच्या अंदाजाला तिने पैकीच्या पैकी गुण दिले होते, तिच्या साहेबांनी पाठही थोपटली होती. पण साठ मिलीमीटरला धोक्याचा इशारा कोण देतं? उंबरकोंडला तो गेलाच नाही. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. वहीत साठच्या आसपास काही सापडलं असतं, तर तिची सुटका होती.

“उपग्रह पाऊस मोजतो व्हय?”

“मोजत नाही... वरून ढग बघतो. त्यावरून खाली किती पडला असेल ते ठरवतो.”

“म्हंजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल.”

मृण्मयीला राग आला. “साऱ्या जगात चालतं ते, महाराज.”

“चालत आसंल.” गोसाव्यांनी अंगणातल्या मापकाकडे बोट केलं. “साठ पडला, तर त्याच्या पोटातल्या धा लिटरच्या बाटलीत पाणी किती साठंल?”

तिने मनात हिशेब केला. “जेमतेम सव्वा लिटर.”

गोसावी उठले. पितळी तांब्या काठोकाठ भरून त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

“एवढं?”

“एवढंच.”

ते तांब्याकडे बघत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

“त्या सकाळी मापलं का नाही मग?” तिने हळूच विचारलं.

“खालची वाट तुटली हुती. मागं राह्यलेल्यांनी मेलेली माणसं वर मठात आणली. डोळ्यांत, तोंडांत नुसता चिखल... आई लेकीला वळखंना. टाक्याचं पाणी घ्यावं, तर टाकंबी मातीनं भरलेलं. साऱ्या डोंगरावर नितळ पाणी त्या बाटलीत तेवढं हुतं.”

मृण्मयीच्या हातातली वही खाली आली. विचारू नये असं तिला फार वाटलं. पण याच प्रश्नासाठी ती डोंगर चढून आली होती.

“किती होतं, महाराज?”

गोसाव्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

“अकरा तोंडं धुतली, ताई... एकेक नीट. तरी बाटली निम्मी भरलेली हुती.”