एलोजीचा हातभर दोर

“...आणि ज्याच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटते, त्यानं दहावा हिस्सा काढायचा तरी कशातून, बाबा?”

हसकेलबाबा पोथीवरची धूळ पुसत होते. 

नाथानेलला उत्तर नकोच होतं. ते त्याच्यापाशी तयार होतं. मुंबईत सहा वर्षं त्यानं धर्मशास्त्र घोकलं होतं. इब्री पोथी अशी खणखणीत वाचायचा की भल्याभल्यांनी मान खाली घालावी. खाडीकाठच्या या गावात तो हसकेलबाबांच्या हाताखाली हज्जान व्हायला आला होता, म्हणजे बेने इस्राएल ज्यू मंडळींची प्रार्थना चालवायला. बाबा थकले होते. गावातल्या तीस घरांना उद्या कुणीतरी लागणारच होतं.

“शास्त्र स्पष्ट आहे,” तो म्हणाला. “आधी आपलं घर. पोरांच्या तोंडचा घास काढून दान करायचं नाही. ज्याचं भागत नाही, त्याला दशांश माफ.”

“बरोबर आहे.”

“म्हणून काल एलोजीकाकांकडे गेलो होतो. सांगून आलो... तुम्ही मोकळे.”

बाबांचा हात थांबला.

एलोजीचा एके काळी तेलाचा घाणा होता. डोळे गेले, मागोमाग बैल गेला, मग घाणाही गेला. आता नवरा-बायको नारळाचा काथ्या कुटून दोर वळायचे आणि मिल्काबाई तो बाजारात विकून यायची. पदरात दोन मुली. दर शुक्रवारी मशिदीच्या कोठीतून त्यांना तांदूळ जायचे. गावातले बेने इस्राएली आपल्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणायचे. आणि त्याच मशिदीला एलोजी दर दहा हात दोरामागे एक हात दोर द्यायचा. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्यानं परत करायचं... नाथानेलला याचं हसूच आलं होतं.

“काय म्हणाला एलोजी?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. हात जोडले.”

“आणि मिल्का?”

“काढून ठेवलेला तुकडा उचलून आत घेऊन गेली.”

नाथानेल थांबला. त्याला वाटलं, आता पाठीवर थाप पडेल.

“बरं,” बाबा म्हणाले, आणि पोथी फडक्यात बांधू लागले.

शुक्रवारी तो स्वतःच तांदूळ घेऊन गेला. मिल्काबाई दारात आली. तिनं पिशवीवर नुसता तळवा टेकवला.

“ते राहू द्या, पाहुणे. आम्ही आता मोकळे आहोत.”

“अहो, दशांशातून मोकळे. तांदळातून नव्हे!”

ती हसली. हसण्यात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. मग दार लोटलं गेलं.

रविवारी तो परत गेला. छपरातून धूर निघत नव्हता. आत धाकटी खोकत होती. त्यानं दोनदा हाक मारली... ओ आली नाही. पिशवी ओट्यावर ठेवून तो निघून आला. सकाळी पाहतो तर पिशवी मशिदीच्या पायरीवर. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

दरफाळणीचा सण उद्यावर आला होता. मोठ्या उपासाचा दिवस. त्या दिवशी घरोघरची दारं बंद व्हायची, माणसं पांढरे कपडे घालून मशिदीत बसायची, आणि वर्षभराचं काय ते देवापुढे मांडायची. त्याआधी सगळं गाव मशिदीच्या विहिरीवर अंघोळ करून जायचं.

“हा निव्वळ ताठा आहे, बाबा!” नाथानेलचा आवाज चढला. “पोरी उपाशी, आणि ही माणसं अन्न परत पाठवतात? देवाला तरी आवडेल का हे?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“पाणी काढ,” ते म्हणाले.

“काय?”

“विहिरीतून. एक घागर.”

गावात येऊन त्याला दहा दिवस झाले होते, पण विहिरीला त्याचा हात लागला नव्हता. त्याच्या अंघोळीचं पाणी रोज बाबाच काढून तापवायचे. हे आता त्याच्या ध्यानात आलं. तो मुकाट्यानं काठावर गेला आणि त्यानं घागर सोडली.

ओढायला लागला, तशी तळव्याखालून एक गाठ गेली.

मग दुसरी.

मग तिसरी...

हातभर दोर, आणि गाठ. पुन्हा हातभर दोर, पुन्हा गाठ. काही तुकडे अजून पिवळे होते, काही पाण्यानं काळे पडलेले. वळण मात्र सगळ्यांचं एकच. एकाच माणसाच्या बोटांचं.

सतराव्या गाठीला घागर वर आली. नाथानेल तिच्याकडे बघत उभा राहिला.

“बाबा... हा सगळा दोर...”

“काथ्या कुजतो,” बाबा म्हणाले. “एक तुकडा गेला की दुसरा लागतो. अकरा वर्षं झाली.”

अकरा वर्षं. गावातलं प्रत्येक बाळ याच पाण्यानं न्हालं होतं. नवऱ्यामुलाची अंघोळ याच पाण्याची. मेलेल्याची शेवटची अंघोळही याचीच. सावकार असो की शेतकरी, देवापुढे उभा राहण्याआधी ज्यानं ज्यानं हात धुतले, ते पाणी त्या आंधळ्या माणसाच्या दहाव्या हिश्शाला धरून वर आलं होतं. रोज सकाळी नाथानेल ज्या पाण्यानं हात धुऊन शास्त्र उघडायचा, तेसुद्धा.

दोर हातातून सोडवेना, आणि धरवेना.

बाबांनी एका काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. त्याचे धागे सुटत आले होते.

“हा आज-उद्या तुटेल. याच्या जागचा परवाच यायचा होता.”

“मी जातो. तांदूळ घेऊन आत्ता जातो.”

“तांदूळ नको. रिकाम्या हातानं जा.”

“रिकाम्या हातानं... जाऊन काय करू?”

“माग.”

एलोजी ओट्यावर बसला होता. पुढ्यात काथ्या होता, पण बोटं स्थिर होती. पावलं ओळखून त्यानं मान वर केली. मिल्काबाई दाराशी उभी राहिली.

नाथानेलनं तोंड उघडलं. पन्नास माणसांपुढे न अडखळणारी त्याची जीभ टाळूला चिकटली. जन्मात त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

“एलोजीकाका,” तो कसाबसा म्हणाला, “मशिदीचा... मशिदीचा दशांश न्यायला आलोय.”

“आम्हाला माफ आहे म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“शास्त्रात आहे म्हणालात.”

“आहे. पण विहिरीचा दोर कुजलाय, काका. सणाच्या अंघोळीला गावाला पाणी कसं मिळणार...? तुम्ही दिलात तर मिळेल.”

एलोजीनं पुढ्यातला काथ्या बाजूला सारला.

मग म्हणाला, “मिल्का, आण गं.”

तिनं दोराचं वेटोळं आणलं. एलोजीनं टोक आपल्या कोपराशी धरलं, मधल्या बोटापर्यंत ताणलं. तेच माप पुन्हा एकदा ताडून पाहिलं. मग बोटं त्याच्याही पुढे सरकवली... एक, दोन, तीन, चार. तिथं धरून त्यानं कोयता लावला.

“हातभरच पुरे, काका,” नाथानेल घाईनं म्हणाला. “तेवढाच हिस्सा होतो.”

“हात माझा,” एलोजी म्हणाला. “वरची चार बोटं तुमच्या नावाची. रिकामे आलात ना... सणाच्या तोंडावर कुणी नुसतं जाऊ नये.”

नाथानेलनं दोन्ही हात पुढे केले. तो तुकडा तळव्यांवर पडला तेव्हा त्याची मान आपोआप खाली गेली. एवढी तर ती कधी प्रार्थनेतही गेली नव्हती.

तो ओट्यावरून उतरला तशी मागून मिल्काबाईची हाक आली.

“पाहुणे! बाबांना सांगा, तांदूळ पाठवा म्हणावं. पोरी जेवायच्यात.”

तो जवळजवळ धावतच आला. बाबा विहिरीशी बसले होते. कुजका तुकडा त्यांनी सोडवून ठेवला होता. नाथानेलनं झालं तसं सगळं सांगितलं. 

बाबा उठून उभे राहिले. तो दोर त्यांनी उभ्यानंच घेतला, कपाळाला लावला, आणि मग नाथानेलच्या हाती दिला.

“बांध.”

त्यानं तुकडा जुन्या दोराशी धरून पाहिला. मापापेक्षा तो लांब होता.

“बाबा, ही चार बोटं जास्तीची आहेत. हिश्शात धरायची नाहीत. कापून वेगळी ठेवू?”

बाबांनी त्याचा हात धरला.

“कापू नकोस,” ते म्हणाले. “गाठ त्या चार बोटांचीच पडते.”