देव्हाऱ्यातलं ठिगळ

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगर अजून वाढायचे होते तेव्हा, त्यांच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं थंडी अशी पडे की बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमध्ये दातच बोलून घेत.

गावाची एक रीत होती. नव्या सुनेनं घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचं ठिगळ घ्यायचं आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासाठी गोधडी शिवायची. नक्षी ठरलेली: मधोमध एक चौकोन, भोवती ठिगळांची रिंगणं, थेट काठापर्यंत. मधल्या चौकोनाला म्हणायचे देव्हारा.

एका घरात अशीच नवी सून आली. आजेसासऱ्यांची गोधडी विरून जाळीसारखी झाली होती. ते म्हणाले, "पोरी, थंडीच्या आत कर बघ. पाय फार गारठतात."

सुनेनं सुईत दोरा ओवला. तोवर सासू हिरव्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. "देव्हाऱ्यात हा लाव. घर कोण चालवतं?"

"बरं," सून म्हणाली आणि तिनं तो लावला.

दुपारी चुलतसासू आली. "ते उसव. माझं माहेरचं जरीचं आहे. जरीचं कापड काय कुणी गोधडीच्या काठाला लावतं?"

"बरं."

संध्याकाळी सासरे खाकरले. "तुमचं बायकांचं चालू द्या. पण पागोटं पायाशी आलेलं कुणी ऐकलंय?"

"बरं."

मग नणंद आली. "वहिनी, मी आज ना उद्या लग्न होऊन जाणार. माझा परकर तरी मध्ये राहू दे."

महिनाभर सून सकाळी शिवत होती आणि दुपारी उसवत होती. थंडी एकेक डोंगर उतरत खाली येत होती.

शेवटी तिनं सगळ्यांना विचारलं, "काठाला कुणाचं लावू?"

सासूनं आढ्याकडे पाहिलं. सासऱ्यांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

"बरं," सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी आणून ठेवली. लांबीरुंदीला वीतभर, जाडीला पाटाएवढी.

"हे काय गं?" सासूनं विचारलं.

"गोधडी, आत्याबाई. सगळ्यांना मध्येच हवं होतं. मध्ये जागा एकच. म्हणून एकावर एक रचलं."

चुलतसासू वाकून बघायला लागली. "माझं वर आहे ना?"

आजेसासऱ्यांनी ती पोटावर ठेवली. "बेंबीला झकास ऊब आली. पायांना काय सांगू, थांबा म्हणून?" एवढं बोलून ते शिंकले, आणि गोधडी घरंगळत चुलीपाशी गेली. ते हसले, पण त्यांचे पाय निळे पडले होते. ते सगळ्यांनी पाहिलं.

सासू आधी उठली. "माझं काढ आणि पायाशी लाव. तिथं दणकट कापड लागतं."

"दणकट म्हणजे माझं," चुलतसासू म्हणाली. "जर आहे त्याला."

आता भांडण पायथ्यासाठी सुरू झालं.

"भांडू नका," सून म्हणाली. "पाय दोन आहेत."

चार दिवसांत गोधडी झाली. काठाला लुगडं, जर, पागोटं, परकर. देव्हाऱ्यात जुन्या जाळीदार गोधडीचाच तुकडा, कारण त्याच्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आजेसासरे गळ्यापासून टाचेपर्यंत झाकून झोपले, आणि इतके घोरले की शेजारच्यांनी तक्रार केली.

म्हणून ध्यानात ठेवावं: सगळ्यांनीच मधोमध बसायचं ठरवलं, की घराचे पाय उघडे पडतात.