रुमालाखालच्या सौद्याची कहाणी

ऐक गे पेठेच्या लक्ष्मी, तुझी कहाणी. एक हळदीचं नगर होतं. तिथं धोंडशेट व्यापारी राहत होता. त्याच्या घरी नवी सून आली, तुळजा तिचं नाव. बोलायची थोडं, ऐकायची फार.

एके दिवशी ती माजघरात शिरली, तों दाराआड सासू सासऱ्याला सांगत होती, "रुमालाखालचं कोण बघायला गेलंय? सौदा झालाच नाही म्हणा!"

झालं होतं असं. दसऱ्याला परगावचा रंगारी आला होता. शेटनं आणि त्यानं रुमालाखाली हात घातले, बोटं दाबून भाव ठरवला. हळद द्यायची होळीला, भाव मात्र दसऱ्याचा. मग पेठ चढो की उतरो. याला वायदा म्हणत. शेटला भाव उतरण्याची धास्ती, रंगाऱ्याला चढण्याची. वायदा झाला, दोघं सुखानं निजले. मग काय झालं? भाव दुप्पट झाला. शेटची झोप उडाली.

होळी आली. रंगारी गाड्या घेऊन आला. शेट म्हणाला, "हळद वाळली नाही, उद्या या." मग दुसऱ्या दिवशी आला. शेट म्हणाला, "पेवात ओल शिरली, उद्या या." मग तिसऱ्या दिवशी आला, तो रडकुंडीलाच. "शेट, या भावाच्या भरवशावर मी लुगडी रंगवून द्यायचं कबूल केलंय. आज पेठेत हळद घेतली तर माझी भट्टी विझेल."

शेट म्हणाला, "कुठला भाव? कसला सौदा?"

तुळजेनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मामंजी, एक विचारू?"

सासू म्हणाली, "तू आत हो बघू!"

"होते हो. पण मळेवाले आले की त्यांना काय सांगू? त्यांची हळदही आपण दसऱ्यालाच बांधली, रुमालाखालीच, जुन्याच भावानं. निम्मा माल अजून त्यांच्या मळ्यात आहे. सौदा झालाच नाही, हे त्यांनाही सुचलं तर?"

मग शेट उठला, पेव उघडलं, गाड्या भरल्या, भाव ठरला तोच घेतला. मळेवाल्यांचा मालही ठरल्या भावानं आला.

पुढल्या दसऱ्याला पुन्हा वायदा झाला. त्या साली हळद मातीमोल झाली. सासू म्हणाली, "आता कशाला येतोय तुमचा रंगारी!" पण होळीला दारात बैल हंबरले. रंगाऱ्यानं ठरला भाव मोजला, पैसुद्धा कमी केली नाही. नगरात कितीकांची दुकानं बसली, धोंडशेटचं उभं राहिलं.

मग सासू म्हणाली, "सूनबाई, हा कसला वसा, तो मला सांग."

तुळजा पहिल्यानंच मोठ्यानं बोलली, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं. "सासूबाई, हात रुमालात असेतो हवी तेवढी घासाघीस करावी. हात बाहेर आला की करू नये. चढल्या भावाला रडू नये, उतरल्या भावाला पळू नये. दिवस येईल तेव्हा माल द्यावा, दाम घ्यावा, आणि घोरत पडावं."

तुळजेच्या घराला जशी पत आली, तशी तुम्हां-आम्हां येवो. ही साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगितली, सुफळ झाली.