खिडकीतला अर्धा पाव

सायप्रस बेटावरच्या डोंगरात लिथोपेत्रा नावाचं जुनं दगडी गाव आहे. तिथे कितीतरी खिडक्यांत जाळीच्या झाकणाखाली अर्धा पाव ठेवलेला दिसतो. दिवसाच्या सहलीला आलेले लोक हमखास त्याचे फोटो काढतात. मंदाकिनी घैसासांनीही सकाळी काढला होता. आता मात्र पावणेचार झाले होते, चारला बस सुटायची होती, आणि यजमानांचा पत्ता नव्हता.

"वरचं चर्च बघून आलोच," म्हणून घैसास दुपारी एक वाजता गेले ते गेलेच. साखरेचा त्रास असलेला माणूस, वेळेवर पोटात काही पडलं नाही तर डोळ्यांपुढे अंधारी येते. फोन बाईंच्या पर्समध्ये, आणि त्यांच्याबरोबर काय, तर डब्यात अर्धी दशमी! उरलेली अर्धी बाईंनी रुमालात बांधून ठेवली होती.

सहलीबरोबरची दुभाषी मुक्ता दोनदा वर जाऊन आली. "काकू, चर्चला कुलूप आहे. तिथे चिटपाखरू नाही."

कोपऱ्यावरच्या घरातली एलेनी आजी बाईंची ही घालमेल केव्हाची बघत होती. तिने खुर्ची पुढे सरकवली नि मुक्ताला म्हणाली, "हिला आधी बसव. मी पावाची गोष्ट सांगते, तू हिच्या भाषेत सांगत जा."

असं सांगतात, की पूर्वी या किनाऱ्यावर चाच्यांची फार दहशत होती, म्हणून तर गाव एवढं उंच वसलं. वर यायला एकच चिंचोळी वाट, तिला जाड लाकडी दार. चाचेही बेरके. गावकऱ्याचे कपडे घालून एकाला पुढे धाडायचे, दार उघडलं की मागून टोळी. खालची वाडी अशीच जळाली. तेव्हा पंचांनी नेम केला. खाली जाणाऱ्याने अर्धा पाव न्यावा, अर्धा घरी ठेवावा. परतल्यावर तुकडे जुळले तरच दार उघडायचं.

नेम झाला त्याच आठवड्यात मार्गारो नावाच्या विधवेचा मुलगा लुकास मीठ आणायला खाली उतरला, तो आलाच नाही. तिने त्याच्या मागे राहिलेला अर्धा पाव खिडकीत जपला. एक वर्ष, दोन वर्षं, नऊ वर्षं. म्हणे त्याला बुरशी धरली नाही.

"मी काही बघायला नव्हते," आजी म्हणाली, "पण माझी आजी खोटं बोलायची ते फक्त वयाबद्दल."

तिकडे ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंनी पुन्हा वरच्या वाटेकडे पाहिलं.

दहाव्या वर्षी, उन्हं कलताना, दाराशी एक माणूस उभा राहिला. छातीपर्यंत दाढी, घोगरा आवाज, कपाळावर व्रण. म्हणे, "मी लुकास. चाच्यांनी धरून नेलं होतं, सुटून आलो." भिंतीवर पंच दगड घेऊन तयार. "तुकडा दाखव." त्याचे हात रिकामे.

मार्गारोला बोलावलं. तिने वरून निरखून पाहिलं, ओळख पटेना. हो म्हणावं आणि चाच्यांचा हेर निघाला, तर गाव जळणार. नाही म्हणावं, तर पोटचा पोर दगडांखाली जाणार. हातात तो पाव घेऊन ती भिंतीवर उभी होती, असं सांगतात.

शेवटी तिने विचारलं, "माझ्या पावाचं काय केलंस रे?"

त्याने मान खाली घातली. "पहिल्याच वळणावर खाल्ला, आई. खडकामागे. लहानपणी बाबांना पोचवायला दिलेला पाव खायचो ना, तिथेच. आणि तू त्यांना सांगायचीस, कुत्र्याने पळवला."

मार्गारो रडू लागली की हसू लागली ते कुणाला कळेना. "उघडा दार! कुत्र्याची थाप आम्हा दोघांनाच ठाऊक. हा खादाड माझाच!"

"पण नेम?" एक पंच म्हणाला.

"नेम करताना माझ्या पोराची भूक कुणी हिशेबात धरली होती?"

दार उघडलं. लुकासने उंबऱ्यावरच तो दगडासारखा पाव पाण्यात बुडवून खाल्ला. तेव्हापासून जाणाऱ्याने आपला अर्धा पहिल्या वळणावर खुशाल खावा, घरचा मात्र तो येईपर्यंत कुणी शिवू नये, अशी रीत पडली.

बाई ताडकन उठल्या. "मुक्ता, ते वळण कुठे आहे?"

"खाली, जुन्या दारापाशी. पण काका तर वर गेले होते ना?"

"कुलूप बघून वर थांबणारा माणूस नाही तो. सावली शोधणार आणि डबा उघडणार. जन्मभर हेच बघत आलेय."

एवढ्या उतारावर बाई अशा धावल्या, की मुक्ता मागे पडली. खडकामागे घैसास घामाने डबडबलेले, मुरगळलेला पाय पसरून बसले होते. हातात रिकामा डबा.

"दशमी?" बाईंनी विचारलं.

"ती केव्हाच संपली गं. तुझी आहे का?"

बाईंनी रुमाल सोडला.

बस वीस मिनिटं उशिरा सुटली. आजही लिथोपेत्रात कुणी खाली गेलं, की खिडकीत अर्धा पाव राहतो. यायला फार उशीर झाला, तर घरचं माणूस तो पाव घेऊन निघतं, आणि आधी त्या खडकामागे बघतं.