रिकामा कोनाडा

आडखारच्या बांधावरून आता बैलगाडी जाते, पण जेव्हा तिथं नुसता चिखल होता आणि चिखलात खेकडे पळत होते, त्या वेळची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. सांगणाऱ्यानं आज्याकडून ऐकली, आज्यानं त्याच्या आज्याकडून, आणि ऐकताना प्रत्येकाच्या अंगावर काटा आला तो अजून बसलेला नाही.

गाव खाडीच्या काठाला. मागं डोंगर, पुढं खारं पाणी, आणि मधे भाताची जमीन तळहाताएवढी. उधाणाचं पाणी त्या जमिनीत शिरलं की तीन वर्षं तिथं दाणा धरत नसे. म्हणून गावानं दगडी बांध घातला आणि बांधाच्या मधोमध एक दार ठेवायचं ठरवलं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला लावून घ्यायची. सगळा बांध एकीकडं आणि त्या उघाडीची भिंत एकीकडं. ती टिकली तर गाव टिकलं.

ते काम नागू गवंड्याचं होतं. नागू म्हणजे कुणी साधा गवंडी नव्हे. दगडावर बोट वाजवून तो आतली चीर सांगायचा. त्याचा ओळंबा सुटल्या वाऱ्यातसुद्धा हलत नसे, असं म्हणतात. चुना शिंपल्यांचा, गावातच भाजलेला. चुना आणि वाळू दगडी घाणीत घालायची आणि रेडा गोल गोल फिरवून ती मळायची. रेड्यामागं चालायची मथी. आईबाप साथीत गेलेले, पुढंमागं कुणी नाही, बोलायला सोबत तो रेडा. तोंड मात्र तिचं कधी बंद नसे.

वाळू आणायची होडीनं, नदीच्या वरच्या कोंडातून, म्हणजे डोहातून, गोड्या पाण्यातली. जायला एक भरती, यायला एक ओहोटी. पण त्या वर्षी खाडीनं गावाजवळच वाळूचा पट्टा टाकला. पांढरी, बारीक, डोळे दिपवणारी वाळू. होडीवाले म्हणाले, आता वर कशाला मरायचं? मथी म्हणाली, ही वाळू आली तसा रेडा फिरायचा थांबलाय, नुसता चाटत बसतो. खारट आहे ती. त्यावर सगळे हसले. खाऱ्या पाण्यात जन्मभर उभी राहायची भिंत, तिला खाऱ्या वाळूचं काय वावडं? नागू सगळ्यांत मोठ्यानं हसला.

भिंत झाली. पहिल्या वर्षी ती उधाणात गेली. लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वर्षी नागूनं ती दीडपट रुंद केली, तीही गेली. तिसऱ्या वर्षी दगड असे घेतले की एकेकाला आठ माणसं लागली. आणि अमावास्येच्या भर दुपारी, सगळा गाव काठावर उभा असताना, ती भिंत गेली.

पडली नाही, गेली. धडाका नाही, आवाज नाही. ताकात भाकरी बसावी तशी ती पाण्यात बसत गेली. आठ माणसांचे दगड एकमेकांपासून सुटले आणि निमूट खाली उतरले. एका बाईच्या कडेवरचं पोर रडायचं थांबलं. नागूच्या मुठीत थापी होती, ती तशीच राहिली. संध्याकाळी त्याच्या बायकोनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, असं म्हणतात.

मग गावात एक गोष्ट फिरू लागली. ती पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच आठवत नाही. असली गोष्ट एकाच्या तोंडून निघत नाही, सगळ्यांच्या गप्प बसण्यातून निघते. पाण्याला माणूस पाहिजे, अशी ती गोष्ट. भिंतीच्या पोटात जिवंत माणूस बसवायचा, वरून दगड लावायचे, मग भिंत उभी राहते. आणि माणूस कोण, तर ज्याच्यामागं रडायला कुणी नाही तो.

अंताजी खोतांच्या अंगणात गाव बसला. मथीचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना घाणीकडं वळल्या. पुढची अमावास्या ठरली. मग खोतांनी नागूला एकच विचारलं, कोनाडा कुठं ठेवायचा?

नागूला नाही म्हणता आलं असतं. पण त्याच्या मनात एक गार, वाईट सुख शिरलं होतं. पाण्यानंच माणूस मागितला असेल, तर तीन वेळा भिंत गेली हा गवंड्याचा दोष नव्हता. तीन वर्षांत त्याला पहिल्यांदा श्वास मोकळा आला होता. तो खाली बघून म्हणाला, "उघाडीच्या डाव्या अंगाला."

घाणीवर जाऊन मथीला सांगितलं, तेव्हा ती रेड्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पळून जाईल म्हणून चौघं काठ्या घेऊन आले होते. ती त्यांच्या काठ्यांकडं बघून म्हणाली, "आणि रेडा कोण हाकणार?"

चौघांतल्या एकाची काठी गळून पडली म्हणतात. पण त्यानं ती उचलली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला नागू कोनाडा खोदायला गेला. भिंतीचा डावा बुंधा तेवढा उरला होता. त्यानं छिन्नी लावली आणि हातोडी उचलली, पण हातोडी मारावीच लागली नाही. छिन्नी आपल्याच वजनानं आत गेली. नागूला वाटलं, वरवर भिजलं असेल. त्यानं हात कोपरापर्यंत आत घातला. भिंतीच्या पार पोटात, दोन मोठ्या दगडांच्या मधे, चुना ओल्या भाकरीच्या पिठासारखा होता. नखानं निघाला. तीन महिने झाले होते बांधून, आणि त्याच्या बोटांचे ठसे त्यात उमटले.

त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, चुना लावायच्या आधी जिभेला लावून बघ. तीन वर्षांत त्यानं तेवढंच केलं नव्हतं. त्यानं तो जिभेवर ठेवला. खारट. मग त्याला वाटलं, खाडीत उभी भिंत, खारट लागणारच. मन असंच असतं, शेवटपर्यंत वाट काढतं. म्हणून तो घाणीपाशी गेला. तिथं वाळूचा ढीग होता, उंचावर, छपराखाली, जिथं खाडीचं पाणी कधी चढलं नव्हतं. त्यानं चिमूटभर वाळू तोंडात घातली, ती मिठागरातल्यासारखी खारट. मूठभर घेऊन मडक्यातल्या पाण्यात टाकली, तर त्या पांढऱ्याशुभ्र वाळूतून काळा चिखल उठला आणि मडकं गढूळ झालं.

पलीकडं रेडा बांधलेला होता. त्यानं मान लांब केली आणि तो ढीग चाटू लागला.

तेव्हा नागूला सगळं उमगलं. ज्या बाईनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तिलाच तो भिंतीत घालायला निघाला होता. जागासुद्धा त्यानंच दाखवली होती. त्या दुपारी नागूचे केस पांढरे झाले, असं म्हणतात. सकाळी घरातून गेला तेव्हा काळे होते.

तो तसाच खोतांच्या अंगणात गेला. गाव जमला. नागू म्हणाला, पाण्यानं काही मागितलेलं नाही. वाळू वाईट होती, चुना धरलाच नाही.

अंताजी खोत उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मग तीन वर्षं आम्ही बांधलं काय?"

"चिखल," नागू म्हणाला. "आणि तो मी बांधला."

पाण्याची भूक मोठी आहे हे ऐकायला सोपं होतं, पण आपण चिखलावर जीव टांगले आणि वर त्यात एक बाई पुरणार होतो, हे कुणाच्या घशाखाली उतरेना. मागून कुणी तरी म्हणालं, गवंड्याला तिची दया आलीय, म्हणून बोलतोय. तेव्हा नागूनं सांगितलं, दोन गोळे करतो. चुना एकाच भट्टीचा, मळणं सारखंच. एकात या पट्ट्याची वाळू, एकात कोंडाची, धुतलेली. खाडीच्या पाण्याची दोन मडकी इथं खोतांच्या अंगणात ठेवा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिले तीन दिवस गोळे सावलीत, मग आठ दिवस पाण्यात. "दोन्ही सारखे निघाले, तर डाव्या अंगाच्या कोनाड्यात मी बसतो. मोजमाप माझंच आहे."

होडी कोंडाला गेली. गोळे झाले. आठ दिवस गाव येता-जाता मडक्यांकडं बघत होता आणि मथीकडं बघायचं टाळत होता. ती घाणी हाकत होती. ती रेड्याला म्हणायची, नीट चाल रे, मी भिंतीत जायची की तुझ्यामागं राहायची, ते ठरतंय.

अमावास्येच्या सकाळी खोतांनी पहिल्या मडक्यात हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. मडकं उलटं केलं तर पातळ लापशी अंगणात पसरली, आणि बायका लहान पोरांना मागं ओढू लागल्या, जसा काही तो साप होता. दुसऱ्या मडक्यातून गोळा निघाला, टणक. त्यांनी तो मथीच्या पुढं ठेवला आणि मुसळ दिलं. तिनं सगळा जीव लावून मुसळ हाणलं. गोळ्यातून ठिणगी उडाली आणि मुसळाचे दोन तुकडे झाले, असं म्हणतात.

तीन वर्षं दडपलेली हाय सगळ्या अंगणानं एकदम सोडली. काठी उचलणारा तो गडी सगळ्यांत आधी रडला.

मग नागूनं भिंत नव्यानं घातली, पण जुना बुंधा आधी उपटला. लोक म्हणाले, तो उभा आहे, राहू दे. नागू म्हणाला, उभा आहे म्हणजे धरलेला आहे असं नव्हे. आणि त्यानं रीत घालून दिली. वाळू सात पाण्यांत धुवायची, सातवं पाणी पिता आलं पाहिजे. ज्यानं धुतली त्यानंच ते प्यायचं. दर घाणीचा एक गोळा काढायचा, मळणाऱ्यानं त्यावर अंगठा उमटवायचा आणि तो मडक्यात ठेवायचा. गोळा निघेपर्यंत त्या थरावर दुसरा थर चढवायचा नाही, मग आभाळ कोसळो. तोवर बाजूचा दगड घडवा. आणि गोळा फोडून बघायचा तो मथीनं. खोतांनी नव्हे, गवंड्यानं नव्हे.

आठव्या थराचा गोळा फुटला. अंगठा नागूचा होता. ढग दिसले म्हणून त्यानं त्या दिवशी घाणीला फेरे कमी दिले होते. मथी म्हणाली, "नागूबा, अंगठा कुणाचा ते मी बघत नाही. फुटला तेवढं बघते." नागूनं पहार मागितली आणि आपला थर आपल्या हातानं पाडला. पाडताना तो हसत होता, असं म्हणतात, आणि ते हसू पाहून लोकांना जास्त धास्ती वाटली.

भिंत पुरी झाली तेव्हा लोकांनी पाहिलं, तर डाव्या अंगाला, शेताकडच्या बाजूनं, त्यानं कोनाडा ठेवला होता. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा. पाठीला फक्त एका दगडाची जाडी. खोत चपापले. नागू म्हणाला, राहू द्या. रिकामा राहू द्या.

त्या भाद्रपदात जे उधाण आलं तसं आधी नाही आणि नंतर नाही. अमावास्या, भर दुपार, आणि खाडी डोंगरासारखी उभी. गाव डोंगरावर चढला. वरून त्यांनी पाहिलं तर नागू एकटा बांधाकडं चालला होता. तो गेला आणि कोनाड्यात बसला. खोतांनी हाका मारल्या, बायकोनं मारल्या, तो उठला नाही. पाणी चढलं, त्याच्या डोक्याच्याही वर चढलं, मधे एक दगड. दगडाच्या पलीकडं मासे येऊन तोंड आपटत होते, ते त्याला ऐकू येत होतं, असं म्हणतात. उघाडीच्या वरच्या कडेला चार बोटं उरली आणि पाणी तिथं थांबलं. किती वेळ थांबलं ते कुणी सांगत नाही. मग ते मागं फिरलं.

सगळ्यांत आधी खाली धावली ती मथी. नागू डोळे मिटून बसला होता. तिनं त्याच्या पाठीला हात लावला. धोतर, पाठ, दगड, सगळं कोरडं. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "उठा नागूबा. रेडा खोळंबलाय."

त्यानंतर नागू किती वर्षं जगला ते वेगवेगळं सांगतात. भिंत मात्र अजून तिथं आहे आणि डाव्या अंगाचा कोनाडा तसाच आहे. त्यात देव ठेवत नाहीत, दिवा लावत नाहीत.

आडखारला अजूनही घर असो, विहीर असो, पहिल्या मालाचा गोळा निघतो आणि आठ दिवस खाडीच्या पाण्यात राहतो. फोडायला बोलावतात ती पाट्या वाहणारी बाई, जिचं कामावर सगळ्यांत कमी ऐकलं जातं ती. शाळा बांधायला ठेकेदार आला, तो सिमेंटवाला, त्याला हसू आलं. पण आठ दिवस थांबल्याशिवाय त्याला गावानं दुसरा थर घालू दिला नाही.

आणि काम सुरू करायच्या सकाळी गवंड्याला त्या कोनाड्यात नेऊन बसवतात. गाव समोर उभा राहतो आणि विचारतो, "कोनाड्यात कोण?" गवंड्यानं आपलं स्वतःचं नाव सांगायचं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग त्याला हात देऊन उठवतात, एक म्हातारी आत वाकून बघते, आणि म्हणते, "रिकामा आहे. करा सुरू."