झिजलेला दात

यंत्रं एकमेकांशी आणि माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. हेमलताबाई गद्रे यांच्याकडे रिमोटवर उडणारं एक छोटं हेलिकॉप्टर होतं. त्याच्या शेपटीच्या पंख्याची पाती वळवून त्याला गरगरू न देणारी एक छोटी सर्वो मोटर होती. दोघांची जुनी सोबत होती.

एके दिवशी सर्वो हळूच म्हणाली, "माझ्या गिअरचा एक दात झिजलाय, मध्येच सटकतो. बाईंना कळलं तर त्या मला काढून टाकतील. तू काही बोलू नकोस."

हेलिकॉप्टरला तिची दया आली. उडवण्याआधी हेमलताबाईंनी शेपटी तपासली, तेव्हा सर्वोनं सगळा जोर लावून तो दात धरून ठेवला.

"शेपटी ठीक आहे ना रे?" बाईंनी विचारलं.

"ठीक आहे," हेलिकॉप्टर म्हणालं.

माळावर वाऱ्याचा झोत आला आणि दात सटकला. हेलिकॉप्टर गरगरत जाऊन खडकावर आपटलं.

बाईंनी तुकडे पदरात गोळा केले. सर्वो तेवढी वाचली होती. तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अगं, तुला कशाला काढलं असतं? नुसता गिअर बदलला असता."

सर्वोनं हेलिकॉप्टरला हाक मारली. ते बोललं नाही.