मगर, पोवळ्याचा जीव आणि राजाचा तराजू

एका राज्यात, जिथे सूर्य समुद्रातून उगवे नि समुद्रातच बुडे, तिथे न्याय तराजूवर होत असे. दोघे भांडले की बसवा पारड्यांत. जड तो खरा! हसू नका, रिवाज म्हणजे रिवाज.

एकदा एका काटकुळ्या मांत्रिकाला पहिलवानापुढे खोटे ठरवले. मांत्रिक कडाडला, "राजा वज्रबाहू, तुझ्या राणीचे माहेर, पोवळबेट, बुडेल! खरा वजनदार सापडेल तेव्हाच वर येईल." बेट बुडाले. माणसे होड्यांतून कशीबशी वाचली.

राणी शुक्तिमतीचे म्हातारे वडील राजवाड्यात आले. पुढ्यात पंचपक्वान्ने, पण घास उतरेना. "पोरी, मरण येवो, पण माझ्या अंगणात येवो," एवढेच म्हणत.

राजाने खाडीतली मगर आणवली. हत्तीहून जड! तिला तीन कामे सांगितली. लाट थोपव: शेपटीच्या फटक्याने थोपवली, मागून दुसरी आली. धोंडे टाक: टाकले, तळाला गेले. बेट पाठीवर उचल: उचलले, बरं का! म्हाताऱ्याला आपल्या माडांचे शेंडे दिसले, तो टाळ्या पिटू लागला. तेवढ्यात मगरीला भूक लागली. ती मासे धरायला निघाली आणि बेट पुन्हा पाण्याखाली. म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

तेव्हा खिडकीतला खंड्या पक्षी बोलला, "राणीसाहेब, पोवळ्यातल्या जिवाला विचारा."

राणीने तो तिळाएवढा जीव ओंजळीत आणला. दरबार खो खो हसला.

"तुझे वजन किती?" राजाने विचारले.

"काहीच नाही, महाराज. मगर येते नि जाते. मी बसलो की उठत नाही. मेलो तरी घर मागे ठेवतो, त्यावर लेकरे घर बांधतात. बसायला तेवढा आधार द्या."

राजाने सासऱ्याकडे पाहिले. मग वाडवडिलांचा तो अवाढव्य तराजू स्वतःच्या हातांनी बुडालेल्या बेटावर समुद्रात लोटला.

शाप तिथेच सुटला. पारड्यांवर जीव बसले, त्यांच्यावर त्यांची लेकरे. मांत्रिकाचाही राग निवळला. पिढ्यान्‌पिढ्यांचे काम त्याने एका श्रावणात बसवले. बेट वर आले.

म्हाताऱ्याने पायाने उंबऱ्याची जागा चाचपली. "शुक्ते, इथे बसून तुझी आई तांदूळ पाखडायची गं! कोंबड्या हाकता हाकता तिचा जीव जाई." डोळे पुसून तो खाली बसला. पलीकडे मगर निवांत ऊन खात पडली होती.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "भूक लागलीय."

राणीने तिथेच तीन दगडांची चूल मांडली. तिची चूल पेटली, तशी तुमचीही पेटती राहो.